‘तबल्यासारखंच ना?’

चाळिशी उलटल्यावर मी जॅझ ड्रम्स शिकायला लागले. हे सांगितलं की मराठी घरांत बहुधा एकच प्रश्न येतो : ‘म्हणजे आपल्या तबल्यासारखंच ना?’ विचारणाऱ्याच्या मनात आपुलकीच असते, म्हणून मी बरीच वर्षं ‘हो, साधारण तसंच’ म्हणून वेळ मारून नेली. आता नेणार नाही. हे उत्तर खोटं आहे, आणि भाषांतरकार म्हणून मला ते लाजिरवाणं वाटतं.

साम्य आहे, ते नाकारत नाही. तबल्यात आवर्तन फिरतं, जॅझमध्ये 12 किंवा 32 बारांचा आराखडा फिरत राहतो. दोन्हीकडे मोजणी हुकली की माणूस उघडा पडतो. साम्य एवढंच.

लहानपणी तबला शिकले होते, त्यामुळे अर्धं काम झालेलंच आहे अशा थाटात मी क्लासला गेले. शिक्षकांनी मेट्रोनोम लावला आणि म्हणाले, ‘हे ठोके 2 आणि 4 आहेत. 1 आणि 3 तुम्ही मनात धरा.’ उजव्या हाताने राइड ही मोठी झांज वाजवायची, डाव्या पायाने हाय-हॅटची जोडी 2 आणि 4 वर मिटायची. कितीतरी आठवडे माझा कान त्या ठोक्याला सम करून टाकत होता. राइडच्या लयीत मात्रेचे तीन भाग दिसले, तर मी खाली दादरा धरला. वेग वाढला की ते तीन भाग समान दोनाकडे सरकतात. माझा दादरा तिथे कोलमडला. कान भाषांतर करत होता, आणि वाईट करत होता.

दुसरं लाडकं उदाहरण सवाल-जवाबाचं. जॅझमध्ये वादक आणि ड्रमर चार-चार बार आलटून पालटून वाजवतात, ते ऐकून आपण खूश होतो. पण सवाल-जवाबात समोरच्याचं वाक्य हुबेहूब परत करण्यात कौशल्य असतं. इथे ते परत केलं तर ड्रमरला काही सांगायचं नाही असं समजतात. त्या चार बारांत गाण्याची चाल मनात चालू ठेवून पुढच्याला नेमक्या जागी आणून सोडायचं असतं.

‘तसंच’ म्हटलं की इतिहासही पुसला जातो. 1739 मध्ये साउथ कॅरोलायनात गुलामांनी बंड केलं आणि पुढच्याच वर्षी कायद्याने त्यांचे ढोल बंद केले. ड्रमसेट नंतर जुळला तो फौजी बँडचे ढोल, तुर्की परंपरेच्या झांजा आणि चिनी टॉमटॉम यांतून. 1940 च्या आसपास केनी क्लार्कने लय पायातल्या मोठ्या ढोलावरून राइडवर नेली, तेव्हा ढोल अचानक बोलायला मोकळा झाला. यातलं काय तबल्यासारखं आहे? मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवणाऱ्या चिक चॉकलेटसारख्या गोवेकरांनीही ते संगीत त्याच्याच अटींवर आत्मसात केलं, आणि मग त्यातलं हिंदी सिनेमाला दिलं.

मी बंगालीतून मराठीत भाषांतर करते. एका कादंबरीत मी ‘अड्डा’चा सगळीकडे ‘कट्टा’ केला होता. मराठीत ‘अड्डा’ म्हटलं की जुगाराचा आठवतो, ही सबब होती. संपादक म्हणाले, वाचताना अगदी आपलंच वाटतं. तेव्हा ती मला दाद वाटली. कोलकात्यातली तासन्‌तास चालणारी, कशावरही न अडणारी ती बैठक मात्र पुस्तकातून निघून गेली होती. पुढच्या आवृत्तीत ‘अड्डा’ परत आणायचा आहे. वाचक चार पानं अडखळेल, अडखळू दे.

परक्या गोष्टीचं स्वागत तिला आपलं नाव देऊनच करायची सवय आपण पाहुणचार समजतो. मला मेट्रोनोमचा तो ठोका सोडून 1 स्वतः धरायला चार महिने लागले. ते चार महिने कोणत्याही उपमेने वाचले नसते.