एका नावाची गोष्ट आता पुरे

या उन्हाळ्यातही आपल्यातली कितीतरी कुटुंबं अनाहाइमला नाहीतर ऑरलँडोला जाऊन येतील. भारतातून आई-बाबा आले की नायगारा, न्यूयॉर्क आणि डिस्ने ही आपली ठरलेली यात्रा. पिशवीत दशम्या-चटणी, नातवंडांच्या डोक्यावर मिकीचे कान. आणि परतीच्या वाटेवर मुलांना एक गोष्ट सांगितली जाईल: एक गरीब मुलगा होता, त्याला एक स्वप्न पडलं, सगळे त्याला हसले, पण त्याने ते एकट्याने खरं करून दाखवलं.

ही गोष्ट सांगणं थांबवा, अशी माझी तुम्हाला विनंती आहे. ती छान आहे, म्हणूनच जास्त नुकसान करते.

तिच्याऐवजी सांगायला मी तुम्हाला एक दुसरा माणूस देते. नाव विल्यम कॉट्रेल, सगळे बिल म्हणत. १९०६चा जन्म. १९२९ साली हा तरुण डिस्नेच्या स्टुडिओत लागला तो कॅमेऱ्याच्या कामावर. काचेखाली एकेक चित्र ठेवायचं, एक फ्रेम टिपायची, चित्र बदलायचं, पुन्हा टिपायची. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ फ्रेम. असं काम करणाऱ्याला वेळ म्हणजे काय, हे बोटांनी कळतं. तिथून तो कथा विभागात गेला. त्या काळी हा विभागच नवा होता. भिंतीवर टाचण्यांनी चित्रं लावून गोष्ट सलग 'वाचायची' ही स्टोरीबोर्डची पद्धत तिथेच रुळत होती. कॉट्रेल आणि त्याचा जोडीदार जो ग्रँट यांनी ज्यांवर काम केलं त्या लघुपटांपैकी १९३५चा 'हू किल्ड कॉक रॉबिन?' ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. पण तो पाहणाऱ्याला या दोघांची नावं पडद्यावर दिसली नाहीत. तेव्हा डिस्नेच्या लघुपटांवर लेखकांची, चित्रकारांची नावं टाकतच नसत. नाव एकच असायचं, आणि ते कुणाचं हे सांगायला नको.

डिसेंबर १९३७ मध्ये 'स्नो व्हाइट' आला. त्यातली दुष्ट राणी आणि चेटकीण आठवतात? लहानपणी ज्यांना घाबरून आपण उशीत तोंड लपवलं, त्या प्रसंगांचं दिग्दर्शन कॉट्रेलचं. पुढे 'अ‍ॅलिस' (१९५१) आणि 'पीटर पॅन' (१९५३) यांच्या कथालेखकांतही तो आहे. 'अ‍ॅलिस'च्या कथेखाली तर डझनाहून जास्त नावं आहेत. लुईस कॅरोलच्या पुस्तकांचा सिनेमा करायला इतकी डोकी लागली, हे त्या श्रेयनामावलीतच लिहिलेलं आहे. आपण वाचत नाही, इतकंच.

डिसेंबर १९५२ मध्ये वॉल्ट डिस्नेने उद्यानाच्या कामासाठी वेगळी कंपनी काढली: डब्ल्यूईडी एंटरप्रायझेस. कॉट्रेल तिच्या अगदी सुरुवातीच्या माणसांपैकी. पुढे तो तिचा अध्यक्ष झाला आणि नंतर 'रिटलॉ' या डिस्ने कुटुंबाच्या कंपनीचाही. आता ही नावं जरा नीट बघा. डब्ल्यूईडी म्हणजे वॉल्टर इलायस डिस्नेची आद्याक्षरं. रिटलॉ म्हणजे वॉल्टर हेच नाव उलटं लिहिलेलं. सरळ वाचा, उलट वाचा, नाव एकाचंच. त्या दोन पाट्यांखाली बसून १९८२ पर्यंत काम केलेल्या माणसाचं नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय?

"मग काय झालं?" असं तुम्ही म्हणाल. पैसा त्याने उभा केला, आयुर्विम्यावर कर्ज त्याने काढलं, बुडाला असता तर तो बुडाला असता. खरं आहे. हट्ट, पारख आणि शेवटचा निर्णय वॉल्टचा होता, हे नाकारणं म्हणजे उलट दिशेने तोच खोटेपणा. कॉट्रेलला मी हुतात्माही करणार नाही. वॉल्टची मेहुणी हेझल सुएल हिच्याशी १९३८ मध्ये त्याचं लग्न झालं, म्हणजे तो घरातलाच माणूस. १९४१ मध्ये स्टुडिओत मोठा संप झाला, त्यात पगाराबरोबर पडद्यावर नाव मिळण्याचाही मुद्दा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉल्ट दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला तेव्हा कॉट्रेल त्याच्याबरोबर होता, फाटकाबाहेरच्या संपकऱ्यांबरोबर नाही. १९९४ मध्ये, मरणाआधी वर्षभर, कंपनीने त्याला 'डिस्ने लेजंड' हा सन्मानही दिला. तेव्हा 'बिचारा उपेक्षित' ही रडकथा इथे बसत नाही.

माझं भांडण वेगळं आहे. आपण श्रेयाला बक्षीस समजतो. ज्याला मिळालं त्याचं भाग्य, नाही मिळालं त्याने मन मोठं करावं. पण श्रेय ही आधी माहिती आहे. मी प्रयोगशाळेत काम करते. आमच्या शोधनिबंधात 'पद्धती' नावाचा भाग असतो. तिथे एखादी पायरी गाळली, तर पुढच्या माणसाला तो प्रयोग पुन्हा करताच येत नाही. एका नावाची गोष्ट म्हणजे पद्धती गाळलेला निबंध. निष्कर्ष झळझळीत, पण करून बघायला गेलात तर काहीच हाती लागत नाही.

डिस्नेलँडचंच उदाहरण घ्या. १७ जुलै १९५५ रोजी ते उघडलं तेव्हा स्नो व्हाइटच्या राइडमध्ये स्नो व्हाइटच नव्हती. कारण गाडीत बसलेले तुम्हीच स्नो व्हाइट. जंगल तुमच्या अंगावर येतं, चेटकीण तुम्हाला सफरचंद देते. पीटर पॅनच्या राइडमध्येही असंच. लोकांना ते कळलं नाही, "ती कुठे आहे?" असं विचारत राहिले, आणि शेवटी १९८३ मध्ये तिला आत आणावं लागलं. पण ही युक्ती सुचते कुणाला? झोके-पाळणे बनवणाऱ्या कारखानदाराला नाही. कॅमेरा कुणाच्या डोळ्यांनी बघतोय, हा प्रश्न ज्यांनी वीस-पंचवीस वर्षं रोज सोडवला, त्यांना. त्या राइड्स आखणाऱ्यांत केन अँडरसन आणि क्लॉड कोट्स होते, दोघंही 'स्नो व्हाइट' सिनेमावर काम केलेले. कॉट्रेल त्याच टोळीतला, कथा आणि संवादांच्या बाजूने. म्हणजे ते उद्यान एका रात्रीत पडलेलं स्वप्न नाही. एका कामात मुरलेली कसबी माणसं ते कसब दुसऱ्या कामात घेऊन गेली, त्याचं ते फळ आहे. हे तुमच्या मुलीला सांगितलंत, तर तिला पुढची पायरी दिसेल. 'स्वप्न बघ' एवढंच सांगितलंत, तर ती छताकडे बघत बसेल.

आणि हेझल? ती शाई-रंग विभागाची प्रमुख होती. हजारो पारदर्शक पत्र्यांवर रेषा उतरवणाऱ्या, रंग भरणाऱ्या मुलींचा तो विभाग. 'स्नो व्हाइट'च्या कलादिग्दर्शकांच्या यादीत तिचं नाव आहे. आपल्या गोष्टीत ती फार तर 'मेहुणी' म्हणून येते, तीही आली तर. हसू नका, आपल्याकडेही हेच. दादासाहेब फाळके म्हटलं की आपली छाती फुगते. फिल्मला भोकं पाडणाऱ्या, रसायनं हाताळणाऱ्या, वर सगळ्या युनिटचा स्वयंपाक करणाऱ्या सरस्वतीबाई आपल्याला एक सिनेमा निघाला तेव्हा कुठे नीट दिसल्या. 'संत तुकाराम' कुणाचा विचारलं तर दहातले कितीतरी जण 'शांताराम' म्हणून मोकळे होतात. तो दामले-फत्तेलाल यांचा.

आता हे आपल्याला का टोचायला हवं? कारण आपण इथे आलेले बहुतेक जण कॉट्रेल आहोत, वॉल्ट नाही. दुसऱ्याच्या नावाच्या पाटीखाली आपण कोड लिहितो, औषधं तपासतो, पुलांची गणितं करतो. लेखकांच्या यादीत आमच्यासारख्या पोस्टडॉकचं नाव कुठेतरी मध्ये असतं. आणि घरी, पॉटलकला, फोनवर आपण गोडवे गातो ते फक्त फाउंडरचे. "त्याने स्वतःचं काही काढलं, आपला मात्र नोकरीच करतोय." त्या 'नोकरीच'मधला च मी फार ऐकलाय. स्वतःच्या आयुष्याचा असा अपमान आपण रोज करतो आणि त्याला प्रेरणा म्हणतो. मुलं ते ऐकत असतात. बाबा वीस वर्षं जे करतात ते सांगण्याजोगं नाही, हे त्यांना आपणच शिकवतो.

मंडळाच्या गणपतीतही बघा. बॅनरवर रिअल इस्टेटवाल्याचा हसरा फोटो असतो. मुलांचं नाटक कुणी लिहिलं, मखर कुणी कापलं, दोनशे माणसांची खिचडी कुणी ढवळली, ते 'आणि सर्व स्वयंसेवक' या तीन शब्दांत उरकतं.

तेव्हा मागणं साधं आहे. यंदा गणपतीच्या पत्रकावर ती नावं छापा, कागद कमी पडला तर मागच्या बाजूला छापा. सिनेमा संपला की मुलांना श्रेयनामावली संपेपर्यंत बसवा आणि त्यातल्या एका कामाचा अर्थ सांगा. डिस्नेलँडला गेलात तर मेन स्ट्रीटवर मान वर करून खिडक्या वाचा. तिथे दुकानांच्या पाट्यांसारखी रंगवलेली नावं आहेत, त्यांतली बरीचशी ते उद्यान उभं करणाऱ्या माणसांची. मुलाने विचारलं, "हे कोण?" तर माहीत नाही म्हणा आणि दोघं मिळून शोधा. आणि त्याच रात्री, कुणी न विचारता, तुम्ही दिवसभर ऑफिसात नक्की काय करता ते त्याला नीट सांगा.