लेकीच्या शाळेचे पैसे

केळवे रोडहून गाडी पकडून पालघर-बोईसरला कामाला जाणाऱ्या आमच्या माता-भगिनींना रोहिणी हट्टंगडी परक्या नाहीत. ‘चार दिवस सासूचे’ने त्या घरोघरी पोचल्या. त्यांचा जन्म १९५१ साली पुण्याचा. नाट्यशिक्षण दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात. नाटके करता करता १९७८ पासून त्या चित्रपटांत आल्या. १९८२ च्या ‘गांधी’त ऐन तिशीत त्यांनी वृद्ध कस्तुरबा साकारल्या आणि ब्रिटनचा ‘बाफ्टा’ पुरस्कार मिळवला.

पण आम्हाला जवळची वाटते ती त्याच वर्षीच्या ‘अर्थ’मधली मोलकरीण. लेकीच्या शाळेसाठी ती पै-पै साठवते आणि दारुडा नवरा ते पैसे लाटतो. भगिनींनो, लेकीच्या फीचे पैसे डब्यात ठेवू नका. बँकेत तिच्या नावे टाका!