पिल्लांना आधी विचारा, थर्मामीटरला नंतर

आमच्या धंद्यातल्या माणसाला कुठलाही प्रश्न दाखवा, तो आधी त्यात सेन्सर कुठे बसवता येईल ते बघतो. शनिवार-रविवार शेतघरावर जाऊन कोंबड्या पाळायची हौस असलेले दोन-तीन मित्र सध्या ब्रूडरच्या मागे लागलेत. (ब्रूडर म्हणजे एक दिवसाच्या पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे ऊब देणारी जागा. खुडूक कोंबडीच्या पंखांखालची नोकरी बल्बने करायची, एवढंच.) चर्चा कशाची? तर कंट्रोलर कुठला घ्यावा, मोबाईलवर आलेख दिसेल का, अर्ध्या अंशाची अचूकता मिळेल का. खाली काय अंथरणार, असं विचारलं की उत्तर येतं, "अंथरू काहीतरी, भुसाबिसा!"

माझं मत असं, की त्या भुसाबिसाकडे न बघता घेतलेला कंट्रोलर म्हणजे गळक्या टाकीला बसवलेला डिजिटल मीटर. आकडा बरोबर दाखवेल, पाणी मात्र जातच राहील.

आधी पुस्तकी आकडे सांगून टाकतो, कारण ते चुकीचे नाहीत. पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. म्हणजे ३५, ३२, २९, २६ आणि मग बाहेरच्या हवेशी जुळवून घ्यायचं. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाला स्वतःचं तापमान नीट सांभाळता येत नाही. पिसं फुटेपर्यंत त्याला उसनी ऊब लागते. इथपर्यंत ठीक.

पण हे ३५ अंश मोजायचे कुठे? सेन्सर खांबाला चार फुटांवर टांगला तर तो तिथल्या हवेचं तापमान सांगणार. पिल्लू राहतं जमिनीपासून दोन-तीन इंचांवर, आणि बसतं तर थेट जमिनीवर, पोट टेकून. खाली सिमेंटचा कोबा असेल आणि वर तुसाचा पातळ थर, तर वरून मिळालेली ऊब खालून निघून जाते. त्यात तो थर ओला असेल तर विचारूच नका. ओला भुसा ऊब धरत नाही आणि त्यातलं पाणी वाळताना उरलीसुरली उष्णताही घेऊन जातं. स्क्रीनवर ३५ आणि पिल्लू गारठलेलं, असा चमत्कार घडतो तो असा.

आता खरी गंमत बघा (गंमत कसली, त्यात पिल्लं मरतात). पिल्लू जेवढं खाद्य खातं त्याच्या जवळपास दुप्पट वजनाचं पाणी पितं, आणि त्यातलं बरंचसं विष्ठेवाटे खाली येतं. भांड्यातून सांडतं ते वेगळंच. अंथरूण ओलं झालं की पिल्लं गारठतात. माणूस काय करतो? एक बल्ब वाढवतो आणि बारदानाचे पडदे घट्ट बांधून घेतो. आता आत ऊब आहे, ओल आहे आणि हवा मात्र कोंडलेली. विष्ठेतून अमोनिया सुटतो, डोळे आणि श्वासनलिका चुरचुरतात. रक्ती हगवणीच्या जंतूंना नेमकी अशीच उबदार, ओलसर जागा हवी असते. विष्ठेतून पडलेली त्यांची अंडी अशा ठिकाणी एक-दोन दिवसांत पिकून रोग पसरवायला तयार होतात. मग पिल्लांना हगवण लागते, अंथरूण आणखी ओलं होतं, आणि माणूस आणखी एक बल्ब लावतो! आपल्या भाषेत हा अनंत लूप झाला. त्यातून बाहेर पडायची वाट बल्बच्या बटणात नाही, ती खाली अंथरुणात आहे.

तेव्हा अंथरुणाचे चार नियम. एक, भाताचं तूस किंवा सुताराच्या रंध्याच्या जाड साली, किमान ५ सेंटिमीटर. करवतीचा बारीक भुसा नको, पिल्लं तो दाणा समजून खातात. दोन, पहिले एक-दोन दिवस वरून कागद घालायचा असेल तर खडबडीत घाला आणि रोज बदला. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय घसरतात आणि पुढे फाकलेलेच राहतात. तीन, पाण्याची भांडी पिल्लांच्या पाठीच्या उंचीला येतील अशी ठेवा आणि भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज काढून टाका. बाकीचं रोज खालीवर करा. चार, मूठभर तूस दाबून बघा. गोळा बांधला आणि तसाच राहिला तर ओलं, बांधून लगेच सुटला तर उत्तम, बांधलाच नाही तर फार कोरडं, धूळ उडणार.

आणि हो, पिल्लं यायच्या आदल्या दिवशीच ब्रूडर चालू करा. हवा तासाभरात तापते, अंथरूण आणि कोबा नाही.

उष्णतेबद्दल एक आजची अडचण. "पिल्लामागे २ वॅट" हा आपल्याकडचा जुना हिशेब तारेच्या पिवळ्या बल्बचा आहे, ज्यात बहुतेक वीज उष्णतेतच जायची. ६० वॅटच्या जागी ९ वॅटचा एलईडी लावला तर उजेड तेवढाच पडतो, ऊब मात्र नावाला. शंभर पिल्लांना २०० वॅट लागतात म्हणजे खरोखरच्या उष्णतेचे. तेही २०० चा एकच दिवा नको, ६० चे चार बरे. एक गेला तरी रात्र निघते. दिवा वायरवर टांगू नका, साखळीने बांधा. खाली कोरडं तूस आहे, पडला तर आग. वीज जाते म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणाऱ्यांना तर हात जोडून सांगणं आहे, की कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो पिल्लू की माणूस हे बघत नाही.

तुम्ही म्हणाल, मोठ्या ब्रॉयलर शेडमध्ये सगळं यंत्रावर चालतंच की. चालतं, कारण तिथे हवा किती आत घ्यायची याचाही हिशेब यंत्र करतं आणि चोवीस तास माणूस असतो. शंभर पिल्लांच्या खोलीत सगळीकडे सारखे ३५ अंश ठेवायचा हट्ट कशाला? कोंबडीसुद्धा तसं करत नाही. तिच्या पोटाखाली ऊब, बाहेर गार. पिल्लू हवं तेव्हा आत शिरतं, हवं तेव्हा बाहेर पळतं. ब्रूडरही तसाच हवा, एका बाजूला गरम, दुसरीकडे निवायला जागा. मग पिल्लंच सांगतात. दिव्याखाली गर्दी आणि कर्कश चिवचिवाट म्हणजे थंडी. भिंतीकडे पळून चोची उघड्या म्हणजे उकाडा. सगळी एकाच कोपऱ्यात म्हणजे कुठून तरी झोत येतोय. सगळीकडे विखुरलेली, काही खातायत, काही पसरून झोपलीत, म्हणजे तुम्हीही झोपायला हरकत नाही. :-)

मी यंत्रांच्या विरोधात नाही, पोट त्यावरच आहे. वीज गेल्याचा निरोप मोबाईलवर येत असेल तर अवश्य घ्या. पण आपली दहा पिल्लं गेली तर आपण हळहळतो आणि सोमवारी कामाला लागतो. बचत गटाच्या कर्जातून शंभर पिल्लं घेणाऱ्या बाईंची दहा गेली तर नफाच गेला. त्यांना कोणी सल्ला विचारला तर कंट्रोलरची नावं सांगत बसू नका. आधी दोन पोती कोरडं तूस जास्त घ्यायला सांगा. आणि रात्री एकदा पिल्लांच्या उंचीला वाकून वास घ्यायला सांगा. डोळे चुरचुरले तर पडदा वरून थोडा उघडायचा आणि सकाळी अंथरूण बदलायचं. एवढ्याला ॲप लागत नाही.