गारठ्याचा उद्योग

दिवाळीपूर्वी दिघोरीला गेलो. वीज गेलेली. धाकटा इंजिनिअरिंग सोडून पदार्थविज्ञानात संशोधन करणार, हे मेणबत्तीच्या उजेडात आईला सांगितले.

"त्याच्यानं पोट भरते का, बाबू?"

मी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. रामकृष्णन यांची हकीकत काढली. बिस्मथमध्ये लाख अणूंमागे जेमतेम एक मोकळा इलेक्ट्रॉन. रूढ सिद्धांताच्या हिशेबात अतिसंवाहकता, म्हणजे विजेचे विनारोध वाहणे, बसत नव्हती. रामकृष्णन आणि मंडळींनी त्याचा स्फटिक केवळ शून्याच्या वर अवघ्या ०.०००५३ अंशापर्यंत गार केला, आणि बिस्मथ अतिसंवाहक ठरला! हे २०१६ साली जाहीर झाले. सिद्धांतवाले अडचणीत. (मला तर हेच आवडले.)

"मग त्या तारेनं आपल्याकडची वीज टिकन?"

"नाही. एवढा गारठा घरोघरी कुठून आणणार?"

आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "पोराले स्वेटर दे."