उतू गेलेले दूध आणि आईचा फेरफटका



सकाळची मिस्सा संपली की चर्चच्या अंगणात बायकांच्या घोळक्यात हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येते : डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितले आहे, पण घरचे कोण बघणार? कोणाला मधुमेह निघाला आहे, कोणाचा रक्तदाब वाढला आहे, कोणाचे गुडघे कुरकुरू लागले आहेत. गोळ्या वेळेवर घेतल्या जातात. चालणे मात्र उद्यावर जाते, आणि तो उद्या काही उगवत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात सांगते. घरातल्या बाईने रोज अर्धा तास मोकळ्या हवेत चालणे ही चैन नव्हे. तो वेळ तिला घराने द्यायला हवा. आणि त्या अर्ध्या तासात घरी दूध उतू गेले, डाळ लागली, टाकी भरून वाहिली, तर त्याचे बिल तिच्या नावावर फाडू नये. ही गोष्ट वरवर घरगुती वाटते. पण मी तिला श्रद्धेचा प्रश्न मानते. का, ते पुढे सांगते.

आपल्या सिल्वासाची सकाळ आठवून पाहा. दमणगंगेच्या काठाने फिरणारी माणसे उजाडायच्या आत बाहेर पडतात. त्यांत पुरुष पुष्कळ. निवृत्त मंडळी, दुकानदार, कॉलेजची मुले. बायका दिसतात, नाही असे नाही, पण मोजक्या. बाकीच्या त्याच वेळी ओट्यापाशी उभ्या असतात. कारखान्याची पहिली पाळी गाठायची तर डबा पहाटेच भरला पाहिजे. मसाट, रखोली, नरोली, आमली, कुठल्याही वस्तीत जा, घरोघरी मातीच्या चुली. त्यात आपल्यातल्या कितीतरी बाया स्वतःही कामावर जातात. दोन्ही टोके तीच पेटवते, आणि मेणबत्ती लवकर का संपली म्हणून आपणच हळहळतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : “ती दिवसभर घरात राबते, तिला वेगळा व्यायाम कशाला?” या वाक्यात निम्मे खरे आहे. ती राबते हे खरेच आहे. केंद्र सरकारने 2019 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे जातात असे दिसले, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषांची मिनिटे होती 97. शिवाय त्या दिवशी घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात शंभरात सव्वीसच्या आसपास होते, तर बायका शंभरात एक्क्याऐंशी.

उरलेले निम्मे मात्र खरे नाही. जागतिक आरोग्य संघटना घरकामालाही शारीरिक हालचाल म्हणते, हे मान्य. पण प्रौढ माणसाला तिने आठवड्याला 150 ते 300 मिनिटे जी हालचाल सांगितली आहे, ती श्वास थोडा वाढवणारी आहे. चालता चालता बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग. एका जागी उभे राहून वीस चपात्या लाटल्या तर पाय सुजतात, छाती मोकळी होत नाही. आणि आणखी एक गोष्ट कुठल्याही तक्त्यात सापडत नाही. घरात असताना बाईचा एक कान सतत कुकरच्या शिट्टीकडे असतो. अर्धा तास तो कान मोकळा राहणे हेही औषधच आहे.

आता त्या चालण्याचे होते काय, ते पाहू. समजा, एका घरात आईने सोमवारी चालायला सुरुवात केली. दूध शेगडीवर ठेवून, “जरा लक्ष ठेव गं,” असे मुलीला सांगून ती बाहेर पडली. मुलगी पुस्तकात, वडील मोबाइलमध्ये. दूध तापले की वर सायीचा पापुद्रा धरतो, खाली वाफ कोंडते आणि ती सगळे उचलून बाहेर आणते. याला दहा सेकंद पुरतात. ओट्यावर ओघळ, बर्नर बुजलेला. मंगळवारी कुकरच्या शिट्ट्या कोणी मोजल्या नाहीत, डाळ लागली. बुधवारी मुलगा दूधवाल्याला दार उघडायला गेला आणि मागे लॅच लागले. सगळे घर शेजाऱ्यांच्या दारात, आई येईपर्यंत.

तीन दिवसांचे नुकसान किती? अर्धा लिटर दूध, एक काळा पडलेला कुकर आणि शेजारी झालेला दहा मिनिटांचा पाहुणचार. पण बुधवारी आई दारात आली तेव्हा तिला ऐकू आले, “तू फिरायला गेलीस, बघ काय झालं ते.” गुरुवारी ती गेली नाही. पुढेही गेली नाही. कोणी तिला मनाई केली नव्हती, कोणी हात उगारला नव्हता. एका वाक्याने तिचे चालणे बंद झाले, आणि साखर मात्र वाढतच राहिली.

माझ्या मते या घरात दुधाचे उतू जाणे महत्त्वाचे नव्हतेच. शिकणाऱ्याच्या हातून सांडतेच. आईच्याही हातून पहिल्या वर्षी किती दूध उतू गेले असेल! फरक इतकाच की तिचे शिकणे कोणी मोजले नाही आणि आपले शिकणे आपण तिच्या खात्यावर मांडतो.

पवित्र शास्त्र या बाबतीत आपल्याला काय दाखवते? एलीया संदेष्टा थकून रानात झुडपाखाली पडला आणि आता मरण येऊ दे म्हणू लागला (1 राजे 19). देवाने त्याला लगेच उपदेश केला नाही. आधी झोपू दिले. मग दूताकरवी निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचे भांडे पाठवले, तेही दोनदा. त्यानंतर तो होरेब पर्वतापर्यंत चालत गेला. थकलेल्या शरीराची देवाला लाज वाटत नाही. त्याची काळजी तो आधी घेतो, बोलतो नंतर.

पेत्राच्या सासूची गोष्ट (मार्क 1:29-31) तर आपण नेहमी अर्धीच वाचतो. ताप गेला आणि ती उठून सेवा करू लागली, एवढे लक्षात ठेवतो आणि हसतोही : बघा, बरी झाली की लगेच स्वयंपाकघरात! पण क्रम नीट पाहा. प्रभू तिच्याजवळ गेला, त्याने तिचा हात धरला, तिला उठवले. सेवा त्यानंतर आली. आणि ज्या ग्रीक शब्दाने तिची सेवा सांगितली आहे, त्याच शब्दाने मार्क पुढे प्रभूच्या स्वतःच्या सेवेविषयी सांगतो : मनुष्याचा पुत्र सेवा करून घ्यायला नाही, तर करायला आला (मार्क 10:45). म्हणजे सेवा हे बाईच्या कपाळी लिहिलेले काम नव्हे. ते प्रत्येक शिष्याचे काम आहे, आणि त्याचा पहिला धडा प्रभू स्वतः देतो.

कोणाला अजून शंका असेल तर योहानाचा एकविसावा अध्याय काढा. पुनरुत्थित प्रभू पहाटे तळ्याकाठी उभा आहे. कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, बाजूला भाकर. रात्रभर राबून आलेल्या शिष्यांना तो न्याहारीला बोलावतो. मरणावर विजय मिळवलेल्या प्रभूला चूल पेटवण्यात कमीपणा वाटला नाही. मग आपल्या घरातल्या कोणाला दुधापाशी उभे राहण्यात तो का वाटावा?

आणि आपली पवित्र माता? जपमाळेच्या दुसऱ्या आनंदाच्या रहस्यात आपण काय आठवतो? नासरेथची तरुण मरिया घराबाहेर पडली आणि डोंगराळ मुलखात अलिशिबेकडे लगबगीने गेली. यहूदियाच्या डोंगरापर्यंतचे ते अंतर शंभर किलोमीटरहून जास्त. तिची नम्रता आपण बायकांना शिकवतो, ते योग्यच. पण तिचे चालणेही शिकवायला हवे. मंदिरातला तिचा पुतळा आपण हारांनी सजवतो. घरातल्या आईच्या पायांत बऱ्या चपला आहेत की नाहीत, तेही एकदा पाहावे.

येथे कोणी म्हणेल की संतांनी तर गप्प राहून सोसले. बाळ येशूच्या संत तेरेजाची एक छोटी गोष्ट धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सांगतो. ती 1888 साली, पंधराव्या वर्षी लिझ्युच्या मठात गेली. तिथे एकदा खिडकीमागे ठेवलेले लहानसे भांडे फुटलेले सापडले. ते तिने ठेवलेले नव्हते, तरी बोलणी तिला बसली. तिने खुलासा केला नाही. जमिनीचे चुंबन घेतले आणि पुढे जास्त काळजी घेईन म्हणाली. तिच्या आत्मकथेतली ही गोष्ट सुंदर आहे. पण ती कोणी कोणाला सांगायची, याला महत्त्व आहे. तेरेजाने ते सोसणे स्वतः निवडले, प्रभूवरच्या प्रेमापोटी. दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडून, “तेरेजासारखी गप्प बस,” म्हणणाऱ्याने तिचे उदाहरण वापरू नये. त्या गोष्टीत आपण कोण आहोत, हे आधी विचारावे. पुष्कळदा आपण तेरेजा नसतो. चौकशी न करता बोलणारे असतो.

मग करायचे काय? चार साध्या गोष्टी सुचवते.

पहिली : वेळ ठरवा आणि तो आईच्या सोयीने ठरवा. आठवड्यात पाच दिवस अर्धा तास धरला तरी 150 मिनिटे होतात. सकाळी पाळी आडवी येत असेल तर संध्याकाळी. त्या वेळात स्वयंपाकघर कोणाचे, तेही नावानिशी ठरवा. “सगळे मिळून बघू” म्हणजे कोणीच बघत नाही.

दुसरी : आई बाहेर पडण्याआधी घर शिकून घ्या. दूध मंद आचेवर, पातेल्यावर आडवा लाकडी उलथणे, आणि माणूस जवळ उभा. शिट्ट्या मोठ्याने मोजायच्या. दाराबाहेर जाताना किल्ली खिशात. गॅस मात्र किरकोळ गोष्ट नव्हे. काम झाले की रेग्युलेटर बंद करणे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला यायला हवे. वास आला तर दिव्याचे बटण चालू किंवा बंद, काहीच करायचे नाही. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडायच्या, सगळ्यांनी बाहेर पडायचे आणि बाहेरून 1906 या क्रमांकावर फोन करायचा.

तिसरी : सांडले तर ज्याच्या पाळीत सांडले त्याने पुसायचे, तेही आई परत यायच्या आत. ओटा लखलखीत नसला तरी चालेल. वाक्य मात्र एकच : “जाऊन आलीस? बरं वाटलं का?”

चौथी धर्मग्रामासाठी. एकटीने निघायला अनेकींना संकोच वाटतो. अंधार असतो, भटकी कुत्री असतात, रस्त्याला मालाचे ट्रक असतात. एका वस्तीतल्या तिघी-चौघींनी मिळून निघावे. पावसाळ्यात आपल्याकडे आभाळ फाटते, तेव्हा चर्चचा व्हरांडा किंवा सभागृह सकाळी अर्धा तास उघडे ठेवता येईल; धर्मगुरूंना विनंती करू. हातात जपमाळ असू द्या. शांतपणे पाच दशके म्हणायला वीसेक मिनिटे लागतात. चालणेही होईल, प्रार्थनाही होईल. आणि कोणाला एखाद्या दिवशी जपमाळ न म्हणता नुसत्याच गप्पा माराव्याशा वाटल्या, तर देव तेही ऐकतो.

उपवासकाळात आपण मांस सोडतो, चहा सोडतो, काही जण मोबाइल सोडतात. माझी घरातल्या पुरुषांना आणि मोठ्या मुलांना विनंती आहे : यंदा चाळीस दिवस एक वाक्य सोडून पाहा. “तू घरी असतीस तर हे झाले नसते,” हे वाक्य. हा उपवास पोटाला जड नाही, पण जिभेला जड जाईल. म्हणूनच तो खरा उपवास ठरेल. आणि उपवासकाळाची वाट पाहायचेही कारण नाही. येत्या सोमवारपासून सुरू केला तरी प्रभू नको म्हणणार नाही.

बहिणींनो, तुम्हालाही एक सांगते. परत आल्यावर ओट्यावर दुधाचा डाग दिसला तर लगेच फडके उचलू नका. आधी बसा, पाणी प्या. डाग दहा मिनिटांनीही निघतो. आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे संत पौल करिंथकरांना सांगतो (1 करिंथ 6:19). हे तो केवळ पुरुषांना सांगत नाही. मंदिराची झाडलोट आपण दर शनिवारी मनापासून करतो. या दुसऱ्या मंदिरालाही रोज अर्धा तास द्या, अपराधी न वाटता.

प्रभू आपल्या घरांना एकमेकांची काळजी घेणारे हात आणि जपून बोलणारी जीभ देवो. आमेन.