पैशाला विटाळ नाही, मग खोलीला का?



बेलापूरजवळ खाडीकाठी दिवाळे हे कोळ्यांचे जुने गाव आहे. एका अंगाला होड्या आणि मच्छीबाजार, दुसऱ्या अंगाला कचेऱ्या व उंच इमारती. ज्याला कचेरीत नोकरी मिळाली, पण इमारतीतले घर परवडत नाही, असा मनुष्य नवी मुंबईच्या गावठाणांत खोली शोधीत फिरतो. अशा फिरणाऱ्यांत आपली कुटुंबे पुष्कळ आहेत. भाडे किती आणि पाणी केव्हा येते, हे आपण विचारण्याआधीच आपणांस विचारले जाते, "आडनाव काय? मूळ गाव कोणते?" उत्तर ऐकताच खोली "कालच गेलेली" असते, किंवा "घरच्यांना विचारून सांगतो" असा निरोप मिळतो. जात हा शब्द कोणीच उच्चारीत नाही. काम मात्र जातच करते.

आता त्याच गल्लीकडे पाहा. तेथला किराणा दुकानदार तुमची नोट घेतो. खानावळवाला, इस्त्रीवाला, रिक्षावाला, कोणीही तुमच्या पैशाला आडनाव विचारीत नाही. संध्याकाळी दुकानात जो पैसा पवित्र असतो, तो सकाळी खोलीच्या भाड्यापोटी पुढे केला की अपवित्र कसा होतो? ज्यांना आपली मजुरी चालते, आपली गिऱ्हाइकी चालते, पण आपला शेजार चालत नाही, त्यांना आपण माणसे म्हणून नको आहोत, फक्त पैसा म्हणून हवे आहोत. या व्यवहाराला सोवळेपणा म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात.

हा दोष एकट्या गावठाणांचा नाही. मच्छीबाजाराच्या वाऱ्यावर उभ्या असलेल्या इमारतींतही "शाकाहारी आहात काय?" या सभ्य प्रश्नाआड तोच जुना प्रश्न पुष्कळदा लपलेला असतो. आणि गावठाणांतील सर्वच घरमालक असे आहेत, असेही मी म्हणत नाही. आडनाव न विचारता किल्ली हाती देणारी सरळ माणसे तेथेही आहेत. 1970 साली सिडको आली आणि 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात आल्या. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील लढ्यात पाच भूमिपुत्रांनी गोळ्या झेलून प्राण दिले. आपल्याच भूमीवर उपरे ठरणे म्हणजे काय, हे ज्यांनी भोगले, त्यांच्याकडून तरी दुसऱ्याला उपरे ठरविण्याची अपेक्षा नाही.

"घर माझे आहे, कोणाला द्यावयाचे ते मी ठरवीन," असे उत्तर येते. दुकानदारही पूर्वी हेच म्हणत होता. घटनेच्या 15(2) कलमाने त्याचे तोंड बंद केले. त्या कलमावर 29 नोव्हेंबर 1948 रोजी घटनासमितीत बोलताना बाबासाहेबांनी 'दुकान' या शब्दाचा अर्थ अतिशय व्यापक करून सांगितला होता : जो येईल त्याला सेवा देण्यास जो तयार होऊन बसला आहे, त्याची जागा ती दुकान. मग दारावर "भाड्याने देणे आहे" अशी पाटी लावणारा मनुष्य बाजारात उतरला नाही तर काय?

घरमालकासाठी तर स्वतंत्र तरतूद आहे. 1955 च्या कायद्याला 1976 पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, घेण्यास वा त्यात राहण्यास आडकाठी करणे हा त्याच्या 4 थ्या कलमाने गुन्हा आहे. माल किंवा सेवा नाकारणे हा 6 व्या कलमाने गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला आपले सभासदत्व आपल्या समाजापुरते राखण्याची मुभा दिली, हे खरे आहे. तो निर्णय मला पटलेला नाही. परंतु तो अस्पृश्यता पाळण्याचा परवाना नव्हे. घटनेचे 17 वे कलम सरकारइतकेच खाजगी माणसालाही बांधते.

नवदीक्षित कुटुंबे विचारतात, "आम्ही धम्म स्वीकारला, आता हे संरक्षण उरले काय?" उरले आहे. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला. शिवाय 1955 च्या कायद्याच्या 12 व्या कलमाप्रमाणे गुन्हा ठरणारे कृत्य अनुसूचित जातीच्या माणसाविरुद्ध घडले असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणानेच घडले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करावयाचे. तेव्हा जातीचा दाखला जपून ठेवा. तो लाचारीचा कागद नव्हे, हक्काचा पुरावा आहे.

आता दोन शब्द आपल्याच लोकांना. खोलीसाठी आडनाव बदलून सांगणारे, मालक येणार म्हणून भिंतीवरची तसबीर उतरविणारे आपल्यात आहेत. त्यांना मी दोष देत नाही. 1917 साली बडोद्यात कोठेच आसरा मिळेना, तेव्हा खुद्द बाबासाहेबांना पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत राहावे लागले होते. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. परदेशात शिकून आलेला तो विद्वान बागेत बसून रडला. त्या दिवशी त्यांच्या पाठीशी कायदा नव्हता. तुमच्या पाठीशी आहे, आणि तो त्यांनीच उभा केला आहे. असे असता नाव लपवून घर मिळविणे म्हणजे त्यांनी हाती दिलेले शस्त्र म्यानात ठेवून शरण जाणे होय. ज्या घरात मुलाला स्वतःचे नाव हळू आवाजात सांगावे लागते, ते घर नव्हे, ती लपण्याची जागा आहे.

म्हणून पुढील गोष्टी करा. नकार मिळाला की तारीख, भाड्याचा आकडा आणि बोललेले शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा. मोबाइलवरील संदेश पुसू नका. खोली पाहावयास साक्षीदार सोबत न्या. "खोली गेली" असे सांगितले, तर दुसऱ्या आडनावाच्या मित्राला तासाभराने चौकशी करावयास सांगा. पोलीस तक्रार घेत नसतील, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 173(4) कलमाखाली वरिष्ठांकडे लेखी तक्रार पाठवा आणि तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जा. खोली मिळाली, तर करार नोंदवून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या 55 व्या कलमाने ही जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदलेला नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तोंडी व्यवहारावर राहिलेल्या माणसाला एका रात्रीत बाहेर काढणे सोपे असते.

शेवटी, आपल्या पैशाची किंमत ओळखा. जो आपल्याला शेजारी मानतो, मग तो कोळी असो, आगरी असो वा कोणीही असो, त्याच्या दुकानी महिन्याचा किराणा भरा. जो दुकानात हसतो आणि माडीवरची खोली नाकारतो, त्याच्या पायरीवर पुन्हा चढू नका. दहा कुटुंबांनी हे एकाच महिन्यात केले, तर त्याला हिशेब कळेल.

दयेने मिळालेले घर दयेनेच जाते. हक्काने घेतलेल्या घराच्या दारावर आपले पूर्ण नाव ठळक अक्षरांत लिहा.

जय भीम!