काचगोळ्याला मण्यांची झालर

जबलपूरच्या सदर बाजारात नाताळचे तारे टांगले गेले, की मराठी घरांतली मुलेही झाडासाठी हट्ट धरतात. मग काचेचे चकचकीत गोळे येतात आणि दरवर्षी त्यांतले दोन-चार फुटतात. हे गोळे मूळचे जर्मनीतल्या लाउशा गावचे. १९व्या शतकात तिथे ते फुंकून बनू लागले. काच इतकी पातळ, की जपावे तितके थोडेच! मैत्रिणींनो, रुखवतासाठी मण्यांनी नारळ मढवण्याची आपली जुनी कला इथे छान कामी येते.

साहित्य : ६ सें.मी. व्यासाचा गोळा, २ मि.मी.चे सुमारे ३०० मणी, ८ लोलक, नायलॉनचा धागा, मोतीकामाची बारीक सुई.

कृती : २४ मण्यांचे कडे ओवून गाठ मारा. ते गोळ्याच्या टोपणावरून सहज उतरले पाहिजे. कड्याच्या दर तिसऱ्या मण्यातून सुई काढत ७-७ मण्यांच्या ८ कमानी करा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक कमानीच्या मधल्या मण्यातून सुई काढत ११-११ आणि तिसऱ्या फेरीत तसेच १५-१५ मणी ओवा. शेवटच्या कमानींच्या मधल्या मण्यांना लोलक लावा. धागा फार ताणू नका.

झालर खालून मोकळीच ठेवा. पोटाखाली आवळली, तर गोळा फुटल्यावर काचा आत अडकतात आणि जाळी कापावी लागते. मोकळी असली, की पुढच्या नाताळला नवा गोळा आणि तीच झालर!

मुलांना मणी मोजायला बसवा. सुई मात्र आपल्याच हाती ठेवा.